खारभूमी, पनवेल–उरण परिसरातील

खारभूमी, पनवेल–उरण परिसरातील : समुद्राच्या वा खाडीच्या भरतीचे पाणी पसरल्यामुळे क्षारयुक्त झालेली आणि बांध घालून पावसाच्या पाण्याने धुऊन लागवडीखाली आणलेली सखल जमीन. कोकणात तिला खार, खारी जमीन, खाजण अशी नावे आहेत. पेण–अलिबाग भागातील अशा जमिनींच्या सलग पट्ट्यास खारेपाट म्हणतात. ठाणे खाडीचा पूर्व काठ, पनवेल खाडी, करंजा व धरमतर या खाड्यांचा परिसर हा या भूमीचा उत्तर कोकणातील प्रमुख प्रदेश होय. नवी मुंबई शहराचा खाडीलगतचा पुष्कळसा सखल भाग पूर्वी भातखाचरे, मिठागरे आणि भरतीच्या चिखलाची मैदाने यांनी व्यापलेला होता. खारघर, खारपाडा, बांधपाडा ही ग्रामनामे त्या पूर्वस्थितीची साक्ष देतात.

जमीन क्षारमुक्त करण्याचा प्रश्न जगात बहुतेक ठिकाणी कोरड्या प्रदेशात व कालव्यांच्या संदर्भात उद्भवतो. महाराष्ट्रातही दख्खनच्या पठारावर तो कालव्यांबरोबर आला. नीरा खोऱ्यातील खारावलेल्या जमिनींवर हॅरल्ड मान व व्ही. ए. ताम्हाणे यांनी १९१० मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास या विषयावरील आरंभीच्या शास्त्रीय कामांपैकी एक आहे. तेथे पाण्याच्या अतिवापराने भूजल वर आले आणि त्याबरोबर क्षारही वर आले. कोकणातील स्थिती याच्या उलट आहे. येथे क्षार समुद्राने आणले आणि ते धुण्यासाठी लागणारे पाणी पाऊस विनामूल्य पुरवितो. अवघड आहे ते धुतलेले पाणी बाहेर काढणे आणि खारे पाणी आत येऊ न देणे. त्यामुळे येथील खारभूमीचा इतिहास हा बहुतांशी बांधाचा इतिहास आहे.

क्षारांची वार्षिक ये-जा : संपृक्त मातीच्या अर्काची विद्युत् संवाहकता दर मीटरला ४ डेसिसीमेन्सपेक्षा अधिक असल्यास ती माती क्षारयुक्त मानतात. भाताचे पीक सु. ३ डेसिसीमेन्सपर्यंत क्षारता विशेष हानी न होता सहन करते. त्यापुढे प्रत्येक एककामागे उत्पन्न सु. १२ टक्क्यांनी घटते. उगवणीच्या वेळी भात बराच सहनशील असतो. रोपावस्थेत आणि फुलोऱ्याच्या वेळी मात्र तो नाजूक असतो. या दोन अवस्थांत मुळांभोवती गोडे पाणी राहील अशी व्यवस्था करणे, हे खारशेतीचे मर्म होय.

शेतात सतत पाणी उभे करून धुतल्यास, मातीच्या थराच्या जाडीइतके पाणी त्या थरातून पाझरून गेल्यावर सु. ८० टक्के विद्राव्य क्षार निघून जातात, असा एक सर्वसाधारण आडाखा आहे. या हिशोबाने ३० सेंमी. थर गोडा करण्यास ३० सेंमी. पाणी पुरेसे व्हावे. मुंबई परिसरात एकट्या जुलैत ८० सेंमी.हून अधिक पाऊस पडतो. असे असूनही येथील जमीन एका पावसाळ्यात कायमची गोडी होत नाही. बेसाल्ट खडकापासून बनलेला गाळ खाडीकाठी साचून ही माती तयार झाली आहे. ती अत्यंत चिकण असून तिच्यातून पाणी सावकाश पाझरते. शिवाय खारे भूजल पृष्ठभागापासून फारसे खोल नसते. परिणामी क्षारांचा बराच भाग खाली न जाता पृष्ठावरून वाहत्या पाण्याबरोबर निघून जातो. पाऊस सरल्यावर ऑक्टोबरपासून केशाकर्षणाने खारे पाणी वर चढू लागते, त्याचे बाष्पीभवन होते आणि मे महिन्यात जमिनीवर पांढरा थर दिसू लागतो. म्हणून येथे जमीन धुणे हे दरवर्षी नव्याने करावयाचे काम आहे.

बांध फुटल्यास काय होते, हे साध्या गणिताने कळते. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सु. ३५ ग्रॅ. क्षार असतात. एक हेक्टर शेतात असे पाणी ३० सेंमी. उभे राहिल्यास त्यात सु. १०५ टन क्षार असतात. ओहोटीबरोबर पुष्कळसे पाणी परत जाते. पावसाळ्यात खाडीचे पाणी नदीच्या पुराने सौम्यही झालेले असते. तथापि जे मागे उरते ते भात जळण्यास पुरेसे होते. खांड वेळीच बुजविली तरी शेत पूर्ववत पिकण्यास साधारणतः दोन-तीन पावसाळे जावे लागतात. पावसाळा संपल्यावर पडलेली खांड अधिक घातक, कारण त्यानंतर जमीन धुण्यास आठ महिने पाणी नसते.

रूढ पद्धती : खारशेतीस दोन प्रकारचे बांध लागतात. खाडीच्या बाजूचा बाहेरचा बांध भरती अडवितो. आतील लहान बांध शेतांचे तुकडे पाडून पावसाचे पाणी धरून ठेवतात. बाहेरचा बांध खाडीतील चिकण चिखलाच्या ढेपा एकावर एक रचून घालीत आणि जेथे लाटांचा मारा असेल तेथे दर्शनी बाजूस दगड लावीत. बांधाबाहेरील तिवर व कांदळ यांची झाडी लाटांचा जोर मोडत असल्याने ती राखण्याकडे जुन्या शेतकऱ्यांचा कल असे. बांधास मोठ्या वादळापेक्षा खेकड्यांच्या बिळांचा उपद्रव अधिक होतो. बिळातून झिरपणारे पाणी दोन-तीन उधाणांत मोठी खांड पाडते. म्हणून अमावास्या-पौर्णिमेच्या भरतीपूर्वी बांधावरून फेरी मारणे आणि बिळे बुजविणे हे नित्याचे काम होते. हे काम कोणत्याही नकाशात दिसत नाही, परंतु खारभूमी टिकली ती त्यामुळेच.

बांधात ठिकठिकाणी पाणी सोडण्याचे दरवाजे असतात, त्यांना उघाडी म्हणतात. उघाडीचे झाकण बाहेरच्या बाजूस टांगलेले असते. भरतीच्या दाबाने ते बंद होते, तर ओहोटीच्या वेळी आतील पाण्याच्या दाबाने उघडते. मृगाच्या पहिल्या सरींचे पाणी शेतात काही काळ मुरू देऊन ओहोटीस सोडून दिले जाई, कारण उन्हाळ्यात पृष्ठभागावर आलेले क्षार त्या पाण्यात सर्वाधिक विरघळलेले असतात. असे भरणे व सोडणे दोन-तीनदा झाल्यावरच पेरणी होई. पुढे आतील बांध घट्ट करून पाणी धरीत. पाणी एकसारखे उभे ठेवण्याऐवजी थांबून थांबून भरणे व सोडणे कमी पाण्यात अधिक क्षार काढते, हे विसाव्या शतकात प्रयोगांनी सिद्ध झाले. कोकणातील शेतकऱ्यास पाण्याची काटकसर करावयाची नव्हती. ओहोटीची वेळ पाळताना ही पद्धत त्याच्या हाती आपोआप आली असावी.

मुंबई इलाख्याच्या ठाणे (१८८२) व कुलाबा (१८८३) जिल्ह्यांच्या गॅझेटिअरांत खाऱ्या भातजमिनीची लागवड वर्णिली आहे. तीत नांगरट व लावणी ही दोन्ही कामे नसत. जमीन पावसाने मऊ झाली की बी चिखलात फेकीत; सखल भागात ते भिजवून, ढीग करून, मोड आल्यावर टाकीत. मोड आलेल्या बियांच्या या पेरणीस रहू म्हणतात. ही पद्धत आळसाची निदर्शक आहे, असा काही इंग्रज अधिकाऱ्यांप्रमाणे आपल्याकडील सुशिक्षितांचाही समज होता. वस्तुतः नांगरटीने खालची खारी माती वर येते, आणि मोड आलेले बी उगवणीचा काळ मागे टाकून पाऊस जोरात असतानाच रोपावस्था ओलांडते. लाल तांदळाच्या ‘राता’ या गटातील जाती येथे पिढ्यान्‌पिढ्या निवडल्या गेल्या. काळा राता व भुरा राता यांच्यापासून निवडपद्धतीने काढलेले वाण क्षारसहिष्णू भाताच्या संशोधनात आजही आधारभूत मानले जातात. गोव्याच्या खाजणांतील कोरगूट हा त्याच प्रकारचा वाण होय.

फुलोऱ्याच्या वेळी, सप्टेंबरच्या अखेरीस, पाऊस ओसरतो. त्या वेळी उघाड्या बंद ठेवून शेतात धरलेले पाणी हाच पिकाचा आधार असतो. हस्ताचा पाऊस न आल्यास आणि धरलेले पाणी कमी पडल्यास पोटरीतील पीक क्षारांमुळे पोचट राहते. खारशेती वर्षाला एकच पीक देते, त्यामुळे हे नुकसान भरून काढण्याची संधी त्या वर्षी उरत नाही.

बांधाची जबाबदारी : खाडी हटविणे एका कुटुंबाच्या आवाक्यातील काम नाही. बांध सलग असावा लागतो आणि तो कोठेही फुटला तरी सर्वांची शेते बुडतात. त्यामुळे बांधाचा खर्च व श्रम कोणी करावयाचे, याची निश्चित व्यवस्था लागते. मराठी अमलात पडीक खाजण उठविण्यासाठी कौल देत. आरंभीची काही वर्षे माफ, पुढे सारा क्रमाने वाढता, असा इस्ताव्याचा प्रकार त्यात असे. कुलाबा जिल्ह्यात यातून शिलोत्री ही पद्धत रूढ झाली. शिलोत्रीदार स्वतःच्या खर्चाने बाहेरचा बांध घाली व राखी. त्याबद्दल त्यास कुळांकडून बिघ्यामागे ठरावीक भात मिळे. हा सरकारी साऱ्याखेरीजचा बोजा होता. पण तो बांधाशी जोडलेला असल्याने बांध पडला तर शिलोत्रीदाराच्या मागणीचा आधारही ढासळे.

इंग्रजी अमलात खाजणांचे पट्टे देण्याचे नियम झाले. पहिली दहा वर्षे खंड नाही, पुढील वीस वर्षे एकरी चार आणे आणि त्यानंतर नेहमीचा आकार, असे त्यांचे स्वरूप होते. दहा वर्षांत निम्मी व वीस वर्षांत सर्व जमीन लागवडीस आणण्याची अटही होती. जमीन गोडी होण्यास लागणारा काळ शासनाने किती वास्तवपणे जाणला होता, हे या सवलतींवरून दिसते. परंतु पट्टे घेण्यास भांडवल लागे आणि ते सावकार, खोत व शहरातील धनिक यांच्यापाशी होते. बांधाचा चिखल उचलणारे हात प्रामुख्याने आगरी, कोळी व तत्सम कष्टकरी समाजांचे होते. ज्याच्या श्रमाने जमीन गोडी झाली त्याच्याकडे तिची मालकी नव्हती, हा खारेपाटातील असंतोषाचा मूळ मुद्दा होय.

या असंतोषातून १९३३ मध्ये अलिबाग तालुक्यातील चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी शेती न करण्याचा संप पुकारला. तो सहा वर्षे चालला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्यास पाठिंबा दिला आणि १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करणारे विधेयक मांडले. १९३९ चा कुळकायदा, १९४८ चा कूळवहिवाट व शेतजमीन कायदा, १९४९ चा खोती नाहीशी करणारा कायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन या टप्प्यांनी कसणारा जमिनीचा मालक झाला.

हा न्याय दीर्घकाळ थकलेला होता, याविषयी दुमत नसावे. पण त्याबरोबर एक प्रश्न उघडा पडला. जुन्या मालकाचा बांधातील स्वार्थ संपला, आणि नवे मालक शेकडो लहान तुकड्यांचे धारक होते. प्रत्येकाचा तुकडा निश्चित होता, सलग बांध मात्र नक्की कोणाचा, हे ठरलेले नव्हते. ज्या वर्षी कुळकायदा झाला त्याच वर्षी मुंबई खारजमीन अधिनियम, १९४८ संमत झाला, ही घटना या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. त्यानुसार स्थापन झालेल्या खारजमीन विकास मंडळाने बांध व उघाड्यांच्या योजना आखल्या. खर्चाचा काही वाटा लाभधारकांनी उचलावा अशी कल्पना होती. ती वसुली व देखभाल या दोन्ही बाबतींत अडखळली. महाराष्ट्र खारजमीन विकास अधिनियम, १९७९ ने ही जबाबदारी शासनाकडे घेतली आणि पुढे हे काम पाटबंधारे खात्याच्या खारभूमी विभागांकडे गेले. गोव्यातही जवळजवळ हेच घडले. तेथे खाजणांचे बांध गावकारी संस्था राखीत. १९६४ च्या कुळकायद्यानंतर ते काम कुळांच्या संघांकडे आले, आणि मानशीवरील मासेमारीच्या लिलावाचे उत्पन्न व शेताची सुरक्षितता यांत ओढाताण सुरू झाली.

शासकीय यंत्रणा बांध घालू शकते. प्रत्येक उधाणापूर्वी बिळे बुजविणे तिच्या कार्यपद्धतीत बसत नाही. अंदाजपत्रक, मंजुरी व निविदा यांस एक-दोन हंगाम लागतात आणि तेवढ्या काळात चार हातांची खांड चाळीस हातांची होते. नेदरलँड्समध्ये अशी कामे पाहणारी स्थानिक जलमंडळे स्वतः कर बसवितात आणि स्वतःच बांधांची पाहणी करतात. तेथेही फेब्रुवारी १९५३ च्या वादळी भरतीत बांध फुटून १,८३६ लोक मृत्यू पावले. त्यानंतर बुडालेल्या शेतांची माती जिप्सम घालून सुधारण्यात आली. सोडियमयुक्त चिकण मातीतून क्षार धुऊन निघाले की तिचे कण विलग होऊन माती घट्ट बसते. जिप्सममधील कॅल्शियम हे टाळते. कोकणातील बहुतेक खारजमिनी क्षारयुक्त असल्या तरी चोपण नाहीत; म्हणून तेथे जिप्समपेक्षा चर व निचरा यांस अग्रक्रम देणे योग्य ठरते.

संशोधन : दापोली येथील कृषी विद्यापीठाच्या (स्थापना १९७२) अखत्यारीतील खारजमीन संशोधन केंद्र पनवेल येथे आहे. तेथून पनवेल-१, पनवेल-२ व पनवेल-३ हे क्षारसहिष्णू भाताचे वाण प्रसारित झाले. शेताच्या काही भागात तळे खोदून त्याच्या मातीने उरलेला भाग उंच करणे आणि साठविलेल्या गोड्या पाण्यावर भाजी वा मासे घेणे, हीदेखील किनारी खारजमिनींसाठी सुचविलेली पद्धत आहे. पेण–अलिबागच्या खारेपाटात घराजवळच्या तळ्यात जिताडा पाळण्याची चाल पूर्वीपासून आहेच.

रब्बी हंगामात गोडे पाणी मिळाल्यास केशाकर्षणाने क्षार वर येणे रोखता येते. पेण तालुक्यातील भोगेश्वरी नदीवरील हेटवणे धरणाकडून शेतकऱ्यांची हीच अपेक्षा होती. कालव्यांची कामे दीर्घकाळ रखडली आणि धरणाचे पाणी नवी मुंबईच्या सिडको क्षेत्रास पिण्यासाठी जाऊ लागले. २१ सप्टेंबर २००८ रोजी या धरणाच्या लाभक्षेत्रातील २२ गावांत प्रस्तावित महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्रासाठी जमीन देण्याबाबत ग्रामस्थांचे मत अजमावण्यात आले. जमीन सिंचनाखालची मानावयाची की खार म्हणून दुय्यम, हा तेथील वादाचा एक कळीचा मुद्दा होता. त्या जमिनींवर ते क्षेत्र पुढे उभे राहिले नाही. मात्र कालव्याचे पाणी आले तरी चर काढल्याखेरीज ते लाभदायक ठरणार नाही. नीरा खोऱ्याचा अनुभव या बाबतीत विसरून चालणार नाही.

शहराचे आगमन : मुंबईसमोरच्या काठावर जुळे शहर वसविण्याची कल्पना चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता व शिरीष पटेल यांनी १९६५ च्या सुमारास मांडली. १९७० मध्ये सिडकोची स्थापना होऊन ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांचे सु. ३४४ चौ. किमी. क्षेत्र नियोजित शहरासाठी अधिसूचित झाले. खारभूमीच्या दृष्टीने हा निर्णायक बदल होता. संपादन होणार म्हटल्यावर बांधावर श्रम करण्यास शेतकरी राजी होईना. शासनही ज्या जमिनीवर उद्या भराव पडणार, तिच्या बांधावर खर्च कशास करील! नकाशावर अद्याप शेत असलेली जमीन अशा प्रकारे मधल्या काळातच ओस पडत गेली.

संपादनाच्या मोबदल्यावरून दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली आंदोलन उभे राहिले. १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यातील जासई–दास्तान फाटा परिसरात झालेल्या गोळीबारात पाच जणांचा मृत्यू झाला. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचे धोरण या आंदोलनाचे फळ होय. खाऱ्या जमिनीची किंमत तिच्या उत्पन्नावरून ठरते. ती गोडी करण्यात खर्ची पडलेले श्रम कोणत्याही कोष्टकात धरले जात नाहीत. न्हावा-शेवा येथील बंदर १९८९ मध्ये कार्यान्वित झाले. शिवडी–न्हावा शेवा सागरी सेतू जानेवारी २०२४ मध्ये खुला झाला. पनवेल खाडीजवळच्या विमानतळाचे ऑक्टोबर २०२५ मध्ये उद्घाटन झाले.

फुटलेल्या बांधांमागील जमिनींवर कांदळवने वाढल्याने आणखी एक पेच निर्माण झाला आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या ऑक्टोबर २००५ च्या अंतरिम आदेशाने व सप्टेंबर २०१८ च्या निकालाने कांदळवनांच्या तोडीस सक्त मनाई आहे. किनाऱ्याच्या रक्षणासाठी ती रास्तच आहे. परंतु ज्याचा सातबारा भातशेतीचा आहे आणि बांध वेळेवर दुरुस्त न झाल्याने ज्याच्या शेतात तिवर उगवले, त्या शेतकऱ्याला खांड बुजवून जमीन पुन्हा गोडी करण्याचा मार्ग त्यामुळे अवघड होतो. उरण, पेण व अलिबाग तालुक्यांत असे शेतकरी पुष्कळ आहेत.

शहराला मात्र खारभूमीचे तंत्र सोडता आलेले नाही. नवी मुंबईचे काही विभाग उधाणाच्या पातळीहून फारसे उंच नसल्याने सिडकोने डच पद्धतीनुसार धारणतलाव बांधले. भरतीच्या वेळी दरवाजे मिटतात व पावसाचे पाणी तलावात साठते. ओहोटीस ते खाडीत सोडले जाते. हे दरवाजे म्हणजे उघाडीच होत. या तलावांत गाळ साचून त्यांवरही कांदळवने वाढली असून गाळ काढावयाचा तर त्यासाठी किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरण आणि न्यायालय यांची अनुमती घ्यावी लागते.